वाणीचे तप आणि भ्रमणध्वनी

दिल्लीनजीकचे गुरुग्राम हे परंपरेने द्रोणाचार्यांचे ग्राम मानले जाते. २०१६ मध्ये गुडगाव हे नाव पालटून या नगरास तेच नाव देण्यात आले. आज तेथे भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या हाती आहे. परंतु आचार्यांचा घात एका अर्धसत्य वार्तेनेच झाला. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. सांगणारा युधिष्ठिर, म्हणून आचार्यांनी पुत्रच मेला असे मानून शस्त्र ठेवले. आप्ताकडून आलेली वार्ताही अशीच सहज खरी मानली जाते. यास्तव पुढे पाठविणाऱ्याचे दायित्व मोठे आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय व हितकर वाणी हे तप म्हटले आहे. बोटाने धाडलेला शब्दही वाणीच होय. साधकाने त्यासही या चार कसोट्या लावाव्यात.