अनुदानाचा अर्ज

सार्वजनिक संस्थेनें एखाद्या प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठीं अर्ज करणें म्हणजे झोळी पुढें करणें, असें मानणारे सज्जन अद्यापि आढळतात. आम्हांस तें मत ग्राह्य वाटत नाहीं. भिकाऱ्यास मिळालेल्या पैशाचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. संस्थेस तो पै-पैचा द्यावा लागतो. १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापून धोंडो केशव कर्वे वर्गणीसाठीं वर्षानुवर्षें हिंडले, म्हणून त्यांस याचकांत कोण गणील? मागण्यांत कमीपणा नाहीं. परंतु मागतां मागतां संस्था आपलें काय गहाण टाकते, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

पूर्वीं दाता शोधावा लागे. आतां कांहीं अंशीं कायद्यानेंच तो निर्माण केला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे, व त्यांत आपल्या आसपासच्या प्रदेशास अग्रक्रम द्यावा, असें तें सांगतें. त्यामुळें तालुक्याच्या गांवच्या लहानशा मंडळासही जवळच्या कारखान्याच्या प्रतिष्ठानाकडे जातां येऊं लागलें. हें चांगलेंच झालें.

पण अर्जाचा छापील नमुना हातीं आला, कीं अडचण सुरू होते. समजा, अशा एका गांवीं मुलींची अभ्यासिका आहे. खोली जुनी, बाकें मोडकीं. परंतु रोज सायंकाळीं तेथें एक बाई बसतात. कोणती मुलगी दोन दिवस आली नाहीं हें त्या पाहतात, तिच्या घरीं जाऊन आईची समजूत घालतात, शिक्षण पुरें होईतों लग्नाचीं बोलणीं थांबवावयास लावतात. अभ्यासिका म्हणजे वस्तुत: या बाईच. संस्थेस हवा आहे त्यांचा पगार. प्रतिष्ठानास मात्र द्यावयाचे असतात संगणक. कारण संगणक मोजतां येतात, त्यांवर नांव लिहितां येतें, आणि उद्घाटनाच्या छायाचित्रांत ते शोभतात. पगार हा ‘प्रशासकीय खर्च’ ठरून बाजूस पडतो. चिटणीस व्यवहारी असतात. ते ‘संगणक-साक्षरता प्रकल्प’ लिहून देतात. संगणक येतात. पगार नसल्यानें बाई दुसरीकडे नोकरी धरतात, आणि कांहीं महिन्यांत खोलीस कुलूप लागतें. अर्जांतलें एकही वाक्य खोटें नव्हतें. सबंध अर्ज मात्र खोटा होता.

याहून आम्हांस अधिक खुपते ती ‘लाभार्थीं’च्या वर्णनाची रीत. मुलीचें छायाचित्र, बापाचें व्यसन, घरांतली उपासमार, जितकें भडक तितकें बरें, अशी समजूत होऊन बसली आहे. ज्या कुटुंबानें विश्वासानें आपलें दार उघडलें, त्याचें दु:ख परक्या कचेरीच्या टेबलावर मांडण्याची परवानगी संस्थेस कोणीं दिली? प्रत्येक चिटणिसानें स्वत:स विचारावें: हा मजकूर त्या मुलीच्या आईसमोर मला मोठ्यानें वाचतां येईल काय? जें वाक्य वाचवणार नाहीं तें काढून टाकावें; मग अनुदान गेलें तरी बेहत्तर.

दात्याचेही हक्क आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणें धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात, तेवढ्यावर त्यानें संतुष्ट राहावें असें नाहीं. त्यानें खुशाल येऊन वह्या पाहाव्या. सेवेच्या नांवावर हिशेब न ठेवणाऱ्यांचा कैवार आम्ही घेत नाहीं. अटही त्यानें घालावी. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लाखांचें दान दिलें, त्यास आपल्या आईचें नांव देण्याची अट होतीच. विद्यापीठाचें नांव बदललें. स्त्रियांस मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा हेतु बदलला नाहीं. पाटीवरची अट आणि कार्याच्या पोटांत शिरणारी अट यांतला हा भेद संस्थेस ओळखतां आला पाहिजे.

म्हणून वरील मंडळानें बाईंचा पगार अर्जाच्या पहिल्याच ओळींत मागावा, संगणक मागूं नयेत. प्रतिष्ठानांतील अधिकारी बहुधा समंजस असतात. पुष्कळदां त्यांस खरी गरज कोणीं सांगितलेलीच नसते. तरीही नकार आला, तर गांवांतील शंभर घरांनीं दरमहा शंभर रुपये दिल्यास दहा हजार जमतात, आणि बाई राहूं शकतात. अशा वर्गणीसाठीं हिंडणें हें अर्ज भरण्यापेक्षां कष्टाचें आहे, आणि ती प्रथम चिटणिसांच्या घरींच मागावी लागेल.