रोहन बोपण्णा : उशिरा आलेला बहर

रोहन बोपण्णाचा जन्म 1980 सालचा, घराणं कर्नाटकातल्या कोडगूचं. कॉफीच्या मळ्यांच्या या प्रदेशातून आलेला हा मुलगा 2003 मध्ये व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला. एकेरीत फारसं साधलं नाही. जोरकस सर्व्हिसचं खरं चीज दुहेरीत झालं. 2010 मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीसोबत त्याने अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठली, पण ब्रायन बंधूंनी विजेतेपद हिरावलं. 2017 मध्ये फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. पुरुष दुहेरी मात्र हुलकावणीच देत राहिली.

त्यातच गुडघ्यांतली कूर्चा झिजली. वेदनाशामक गोळ्यांवर दिवस निघत होते. तेव्हा कामी आला अय्यंगार योग, म्हणजे आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी वाढवलेली पद्धत. पाय पुन्हा साथ देऊ लागले. 2022 मध्ये पुण्यातच, बालेवाडीला, रामकुमार रामनाथनसोबत त्याने महाराष्ट्र ओपन जिंकली.

आणि जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन! त्याच स्पर्धेनंतर तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथमच पहिला आला. एवढ्या वयात हे स्थान पहिल्यांदा मिळवणारा त्याच्याआधी कोणीच नव्हता.