सर्व्हर सोडता आला पाहिजे

‘डॉकर आहे ना, मग ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही चालते’ हे वाक्य हल्ली इतक्या सहज टाकलं जातं की ते खटकायला लागलं आहे. विंडोज की मॅक की लिनक्स, हा वाद सगळ्यांना पाठ आहे. माझ्या दृष्टीने खरा भेद वेगळा आहे: कोड लिहायचं मशीन आणि कोड चालत राहायचं मशीन. पहिल्यात हाताची सवय सांभाळायची असते, दुसऱ्यात ग्राहकाला दिलेला शब्द. डॉकरचा कंटेनर स्वतःचं कर्नल आणत नाही, म्हणून मॅकवर लिनक्सचा कंटेनर चालतो तो आत लपवलेल्या लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनवर. फरक मिटलेला नसतो, झाकलेला असतो.

आणि तो बाहेर येतोच. मॅकची फाइल सिस्टीम एरवी कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच मानते, लिनक्सची मानत नाही. फाइलीच्या नावात कॅपिटल आर, इम्पोर्टमध्ये स्मॉल. लॅपटॉपवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलची एम१ चिप आली आणि अनेकांच्या लॅपटॉपचा प्रोसेसरही सर्व्हरपेक्षा वेगळा झाला. मग सगळ्यांना लिनक्सच द्या, असं म्हणावंसं वाटतं. माझाही कल तिकडेच होता. पण बिल्ड सर्व्हर मुख्य सर्व्हरसारखाच ठेवला, तर या चुका डिप्लॉयआधीच सापडतात. तेवढ्यासाठी कुणाचा सवयीचा लॅपटॉप काढून घेणं मला पटत नाही.

निवड महागात पडते ती सर्व्हरवर. सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, या भरवशावर सर्व्हर उभे राहिले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ अखेरच थांबतील. मुदत पाहून निवडा, हा नेहमीचा सल्ला तिथे अपुरा ठरला. पुढच्याच वर्षी रॉकी आणि अल्मा हे पर्याय आले खरे, पण ज्यांनी वर्षानुवर्षं हातानेच पॅकेजेस टाकली, सेटिंग बदलली आणि कुठे नोंद ठेवली नाही, त्यांना आधी आपल्याच सर्व्हरवर काय काय आहे ते शोधणं भाग होतं. इथे मात्र डॉकरवाल्यांची बाजू मला घ्यावी लागते, त्यांनी न मांडलेल्या कारणासाठी: डॉकरफाइल ही अशी नोंदच आहे. तिच्या पहिल्या ओळीत बहुधा कुठल्यातरी लिनक्सचं नाव असतंच, त्याचीही मुदत संपते. पण ती ओळ बदलून पुन्हा बिल्ड करून पाहता येतं. त्यामुळे डेबियन की उबंटू यापेक्षा, हे सोडायचं झालं तर किती दिवस लागतील, हे मी आधी विचारेन.