शंकासमाधान : मुहूर्त आणि सोय

शंका : मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याला सलग तीन आठवडे रजा मिळते ती फक्त ऑगस्टमध्ये. मुलीकडच्यांनाही तेव्हा जमतंय, मनाजोगतं कार्यालय मिळतंय आणि भाडंही कमी आहे. पण माझ्या सासूबाई म्हणतात, "देव निजलेले असताना लग्न कसलं लावता?" निव्वळ सोयीसाठी चातुर्मासातली तारीख धरली तर अधर्म होईल का?
– एक आई, सांगली

समाधान : अधर्म हा फार मोठा शब्द झाला. तो इथे नको.

सासूबाईंचं म्हणणं हवेतलं नाही. आषाढ शुद्ध एकादशीला देव निजतात, कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात, मग तुळशीची लग्नं लागतात आणि त्यानंतर माणसांची, हा क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण गाडीरस्त्यांच्या काळातला श्रावण डोळ्यांसमोर आणा. नदीला उतार नाही, बैलगाडी चिखलात रुतलेली, धडधाकट माणसं सगळी खुरपणीला, आणि कणगीतलं धान्य सुगीपर्यंत पुरवायचं. वऱ्हाड न्यायचं कसं आणि त्याला जेवू काय घालायचं? वैशाखात रब्बीचं पीक घरात, रानं मोकळी, माणसंही मोकळी. म्हणजे मुहूर्तात सोय आधीपासूनच मुरलेली आहे, असं मला तरी वाटतं.

ग्रंथांचंही सांगते. ऋग्वेदी घरांतले संस्कार ज्या आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे होतात, त्यात विवाहासाठी उत्तरायण, शुक्ल पक्ष आणि शुभ नक्षत्र सांगितलं आहे. आणि लगेच पुढे, काहींच्या मते विवाह केव्हाही करावा, हेही नोंदवलं आहे. रोहिणी, मृगापासून रेवतीपर्यंतची 11 नक्षत्रं, गुरू-शुक्राचे अस्त, अधिक महिना हा सगळा बारीक हिशेब मुहूर्तग्रंथांनी मांडला. आजही सोलापूरच्या दाते पंचांगात चातुर्मासातले गौणकालाचे विवाहमुहूर्त वेगळे दिलेले असतात. अडचण असेल त्याने ते घ्यावेत, एवढाच त्याचा अर्थ. परदेशातल्या नोकरीची रजा ही अडचण नाही तर काय? आणि चातुर्मास नको पण दसरा चालेल, असं म्हणणाऱ्यांना हळूच आठवण करून द्या की साडेतीन मुहूर्तांतले दसरा आणि बलिप्रतिपदा हे दोन्ही चातुर्मासातच येतात.

माझा प्रश्न निराळा आहे. सोय कोणाकोणाची पाहिलीत? रजा मुलाची, भाडं तुमचं. कोकणातली मंडळी गणपतीच्या तोंडावर घर सोडतील का? लग्न मधल्या वारी ठेवलंत तर रोजंदारीवर जाणारा चुलतभाऊ दोन दिवसांचा खाडा कसा करील? दहा हजार भाड्यात वाचले आणि मामाची खुर्ची रिकामी राहिली, तर ती तारीख सोयीची म्हणता येणार नाही. सासूबाईंना तारीख ठरल्यावर 'कळवू' नका. आत्ताच पंचांग त्यांच्या हातात द्या आणि गौणकालातला दिवस त्यांनाच काढायला सांगा.

जाता जाता : लग्न विशेष विवाह कायद्याने करायचं असेल, तर तिथे नोटिशीचे 30 दिवस पंचांगापेक्षा कडक आहेत. मुलाच्या रजेच्या तीन आठवड्यांत ते मावायचे नाहीत, म्हणून चौकशी आधीच करा.

शंका : मुहूर्त ठरला, हॉलची आगाऊ रक्कम भरली, आणि आता मुलगी म्हणते तिची पाळी त्याच दिवसांत येणार. तारीख बदलावी, की गोळ्या द्याव्यात?
– एक मावशी, नाशिक

समाधान : याद्या करण्याआधी मुलीची तारीख विचारायची रीत घराघरांत आहे, फक्त कुजबुजत. तुमच्याकडे विचारायचं राहून गेलं. त्या दिवसांत पोटात कळा येतात, शालू नेसून चार तास बसवणार नाही, असं तिचं म्हणणं असेल तर ते कारण पुरेसं आहे. पण विटाळाची भीती असेल, तर पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू पाहा. 1790 च्या आसपासचा हा ग्रंथ काही सुधारकी नव्हे. होमाच्या वेळी वधू रजस्वला झाली, तर तिला स्नान घालून, जादा आहुती देऊन विधी पुढे चालवावा, असा मार्ग त्यातही आहे. लग्न थांबवायला तो सांगत नाही. गोळ्यांचं म्हणाल तर त्या 'देऊ' नका. घ्यायच्या की नाही ते मुलगी डॉक्टरांशी बोलून ठरवील, आणि तेही पुरेसे दिवस हाताशी असताना. शेजारणीला चालली ती गोळी हिला चालेलच असं नाही.

शंका : हॉल संध्याकाळचाच मिळाला. गुरुजींनी त्या वेळेचा मुहूर्त दिलेला नाही, पण घरचे म्हणतात, पत्रिकेवर 'गोरज मुहूर्त' छापून टाकू. चालेल का?
– एक वरपिता, पुणे

समाधान : नाही. गोरज म्हणजे गाई रानातून परततानाची, सूर्यास्ताच्या आसपासची वेळ. रात्री आठला हार घालायचे आणि छापायचं गोरज, हे धर्माच्या नावावर सरळ खोटं. 'सायंकाळी 8 वाजता' एवढंच छापा, पाहुणे येतील.

आणि गुरुजींनी दिलेलीच वेळ घेणार असाल, तर ती पाळा. पूर्वी पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला भोक असलेली ती वाटी 24 मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली. इतक्या कसोशीने मोजलेल्या वेळेला आपण नवरदेवाच्या मित्रांच्या नाचापायी तासभर ताटकळत ठेवतो. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा असेल, तर वरात 12 च्या आत कार्यालयाच्या दारात हवी. बँडवाल्याला विसार देतानाच हे बोलून घ्या.