रुतलेले चाक



दर महिन्याला या पानावर आम्ही ग्रंथातला एखादा विषय घेऊन बसतो. या खेपेला एका ट्रॅक्टरची गोष्ट सांगायची आहे. ट्रॅक्टरचा आणि परमार्थाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आता पाठीवर पडशी टाकून सगळी वारी करणारे थोडे राहिले. दिंडीचा सारा संसार ट्रकात नाहीतर ट्रॉलीत असतो. तेव्हा तो संबंध आपणच जोडलेला आहे. शिवाय या गोष्टीत आमची एक मोठी चूक आहे. ती दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आमच्याच तोंडून भाविकांच्या कानी गेलेली बरी.

२०२५ सालची आषाढी वारी. त्या साली मे महिना सरायच्या आतच फलटण, बारामती, इंदापूर या बाजूला पावसाने झोडपून काढले होते. माउलींचा सोहळा फलटण सोडून बरडला आला तेव्हा रान वरून सुकलेले दिसत होते. आमच्या दिंडीला रस्त्यापासून जरा आत, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात जागा मिळाली. राहुट्या पडल्या, हरिपाठ झाला, पंगती उठल्या. रात्री एक मोठी सर येऊन गेली.

काळ्या जमिनीचे गुण तुम्हा शेतकरी मंडळींना आम्ही काय सांगावे! उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की आत हात जावा. पाऊस पडला की तीच फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली जाईनासे होते. पायाला एकदा चिकटली की पावलागणिक वहाण जड. ज्या चिकणपणामुळे ती ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी पोसते, तोच चिकणपणा चाकाला सोडत नाही. म्हणून शहाणा शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. हे आमच्या दिंडीतल्या पोरासोरांनासुद्धा ठाऊक होते. पण घाई ही अशी वस्तू आहे की ती आली म्हणजे ठाऊक असलेले आधी पळते.

पहाटे तीनचा सुमार होता. दिंडीची वाहने सोहळ्याच्या आधी निघाली नाहीत तर पुढे रस्ता माणसांनी भरून जातो. त्या दिवशी दुपारचे जेवण धर्मपुरीला आणि मुक्काम नातेपुत्याला. भांडी, शिधा, राहुट्या, पाण्याची टाकी सगळे ट्रॉलीत भरले. आमचा ट्रॅक्टरवाला पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा, गुणी, निर्व्यसनी. तो म्हणाला, “महाराज, उजाडू द्या, जमीन बघून काढतो.” आम्हीच म्हणालो, “अरे, उजाडेपर्यंत थांबलास तर दुपारी चारशे माणसांनी जेवायचे काय?” त्याने ट्रॅक्टर सुरू केला.

वीस पावले गेला असेल नसेल, उजवे चाक जागच्या जागी गरगरू लागले. त्याने आणखी रेस केला. टायरच्या नक्षीत चिखल भरून ते चाक मडक्यासारखे गुळगुळीत झाले होते. जितके जोरात फिरे तितका आपल्याच पोटाखाली खड्डा खणी. मागून पंधरा जण रेटत होते, त्यांच्या बाराबंद्या चिखलाने भरल्या. “अजून एकदा! अजून एकदा!” असे म्हणता म्हणता मागचे हाउसिंग चिखलावर टेकले आणि ट्रॅक्टर पोटावर बसला.

इथे यंत्राची एक खुबी सांगितली पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांची जोडणी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, त्याने जास्त फिरावे म्हणून ही सोय. पण चिखलात हीच सोय उलटते. ज्या चाकाखाली काही धर नाही ते मोकळेपणाने फिरत सुटते, आणि ज्याच्याखाली जरा घट्ट जमीन आहे ते गप्प उभे राहते. इंजिनाचे फिरणे सगळे त्या बिनकामाच्या चाकाच्या वाट्याला! हे ऐकून तुम्हाला आपले मन आठवले असेल तर आम्हालाही तेच आठवले. माळ हातात, आणि फिरते आहे ते भलतेच चाक.

यावर उपायही यंत्रातच असतो. टाचेजवळ एक छोटे पेडल असते, डिफरन्शियल लॉकचे. ते दाबले की दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात आणि बरोबर फिरतात. मात्र चाक गरगरण्याच्या आधी, थांबलेले असताना दाबावे लागते, आणि वळण्यापूर्वी सोडावे लागते. पोराने ते दाबून पाहिले. हलेना. कैक वर्षांत कोणी त्याला पाय लावलेला नव्हता. गंज आणि वाळका चिखल यांनी ते धरले होते.

इतक्यात शेजारच्या दिंडीचा ट्रॅक्टर मदतीला धावून आला. भला माणूस. आखूड साखळी होती, म्हणून अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला, साखळी लावली, ओढले, आणि दहा मिनिटांत तोही मागच्या चाकांनी बसला. त्याच्या प्रेमात उणे काही नव्हते. उणे होते ते त्याच्या पायाखाली.

आता आमची चूक. आम्ही तरुणपणी कुठेतरी पाहिले होते की रुतलेल्या चाकाला आडवा ओंडका साखळीने बांधतात. चाक फिरले की ओंडका खाली जातो आणि ट्रॅक्टर त्यावर चढून बाहेर येतो. आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, “लावा रे ओंडका.” महाराजांचा शब्द! कोणी विचारले नाही की महाराजांनी आयुष्यात ट्रॅक्टर किती चालवला. बाभळीचा ओंडका आला, दोन्ही चाकांना बांधला, पोराने पुढचा गिअर टाकून क्लच सोडला. ओंडका चिखलात अडला. चाक फिरेना. आणि सज्जनहो, चाक फिरायचे थांबले तरी इंजिनाचा जोर थांबत नाही. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती फिरू पाहते. पुढची चाके जमिनीवरून उठली. हात, दीड हात. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा असतो. या प्रकारात माणसे अशीच दगावली आहेत. त्याच क्षणी बांधावरून आरोळी आली, “क्लच! क्लच दाब पोरा!” पुढची चाके धाडकन खाली आपटली. पोरगा स्टिअरिंगला धरून नुसता थरथरत होता.

आरोळी शेतमालकांची होती. सत्तरीचे गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी येऊन आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. मग आमच्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, “महाराज, तुमचं कीर्तन आम्ही ऐकू. हे मात्र आमचं ऐका.”

आम्ही खाली मान घातली. ज्या विषयात आपला अधिकार नाही त्यात केवळ लोक पायावर डोके ठेवतात एवढ्या बळावर शब्द टाकणे, याला काय म्हणावे? त्या शब्दाने एका आईचे लेकरू गेले असते. कीर्तनकाराने, बुवाने, दिंडीचालकाने हे रोज स्वतःला विचारावे असे आम्हाला वाटते. नमस्कार माळेला आणि वीण्याला असतो, आपल्या अकलेला नसतो.

असो. आबांनी पुढे जे केले ते नीट ऐका.

पहिली गोष्ट, त्यांनी कोणाला काही करू दिले नाही. उजेड फुटेस्तोवर सगळ्यांना बसवले. दुसरी, ट्रॉली रिकामी करविली. आम्ही म्हणालो, आबा, सामान राहू द्या, वेळ जातो आहे. ते म्हणाले, “वझं ठेवून निघत असतं तर मघाशीच निघालं असतं.” मग माणसांची रांग झाली. मोठी पातेली, शिध्याची पोती, राहुट्यांच्या गुंडाळ्या हातोहात बांधावर गेल्या. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मायबहिणींनीही पातेली उचलली. रिकामी ट्रॉली सोडवून तीसेक जणांनी दोराने मागे ओढली. तोंडाने नामाचा गजर, पाय चिखलात. ती आली.

मग खोरी आणि पाट्या. शेजारचा ट्रॅक्टर मोकळाच होता, कमी रुतलेला. चाके उकरून तो आधी काढला. नंतर आमचा. ओंडका सोडला. चाकांच्या मागे लांब उतार काढला, म्हणजे चाकाला एकदम चढावे लागू नये. हाउसिंगखालचा चिखल आडवे झोपून हातांनी ओढून काढला; पोट टेकलेले असेपर्यंत चाकावर वजन येत नाही आणि वजनावाचून धर नाही. टायरच्या खाचा काठीने कोरल्या. उतारावर बांधावरचे दगड, त्यावर उसाचे पाचट आणि पोती. या सगळ्याला दोन तास लागले. पेडलचा गंजही डिझेल ओतून, ठोकून मोकळा केला.

आबांचा स्वतःचा ट्रॅक्टर मुरमाच्या रस्त्यावरून खाली उतरलाच नाही. तिथून लांब तारेचा दोर सोडला आणि आमच्या ट्रॅक्टरच्या मागे, खालच्या आकड्याला बांधला. वर बांधला तर ओढताना ट्रॅक्टर उलटायची भीती. दोराच्या मध्यावर भिजकी पोती टाकली आणि सगळ्यांना लांब पिटाळले, कारण ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी परतते. पोराला सांगितले, “लॉक दाबून ठेव, बारका रिव्हर्स टाक, रेस करू नको. मी ओढीन, तू नुसता माझ्याबरोबर ये.”

मागे! आम्ही सगळे पहाटेपासून पुढे जायला झटत होतो. आबांनी त्याला आल्या वाटेने मागे नेला. कुठे धडपड नाही, धूर नाही. दुधाचे पातेले सरकवावे तसा ट्रॅक्टर हलला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

आता ग्रंथाकडे येऊ. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राची कथा आहे, ती तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. सरोवरात नक्राने पाय धरला. गजेंद्राने जोर केला. बाकीच्या हत्तींनीही त्याला ओढून पाहिले, पण त्यांना काढता आले नाही. हजार वर्षे झुंज चालली. हत्तीचे बळ ओसरत गेले आणि नक्राचे वाढत गेले, कारण पाणी नक्राचे घर होते. ही ओळ आम्ही कितीदा निरूपणात सांगितली असेल, पण बरडच्या त्या रानात शेजारचा ट्रॅक्टर बसताना पाहिला तेव्हा ती कळली. जे स्वतः त्याच पाण्यात उभे आहेत ते प्रेमाने ओढतील, पण त्यांना काढता येणार नाही. कर्जात बुडालेला भाऊ कर्जात बुडालेल्या भावाला जामीन राहतो, आणि दोन घरे जातात.

कोणी विचारील, महाराज, म्हणजे प्रयत्न सोडून देवाच्या नावाने बसावे काय? मुळीच नाही. उजाडल्यावर जे दोन तास खोरी चालली ते काय बसणे होते? पहाटेपेक्षा दसपट श्रम झाले. फरक इतकाच की पहाटेचे श्रम “मी निघतो” या हट्टाचे होते आणि नंतरचे कोणाच्या तरी हाती स्वतःला देऊन केलेले होते. संतांना शरण जाणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. खोरे हातात असतेच, फक्त कुठे घालायचे ते दुसऱ्याचे ऐकायचे असते. आणि हे अवघड आहे हो! पुष्कळांना रुतलेले चालते, मागे ओढून घेणे चालत नाही.

गजेंद्राच्या कथेत आणखी एक बारीक गोष्ट आहे. संकटात त्याने जे स्तोत्र म्हटले ते त्या क्षणी रचलेले नव्हते. मागल्या जन्मी शिकलेले होते, ते आठवले. आमच्या ट्रॅक्टरचे पेडल गंजलेले निघाले. अडचण येईल तेव्हा नाम घेऊ म्हणणारांनी त्या पेडलाचा विचार करावा. अर्थात डिझेल ओतून ते सुटले, हेही खरेच. देव काही एवढ्यावरून कोणाला टाकत नाही.

सोहळा केव्हाच पुढे गेला होता. दुपारी आमच्या दिंडीची मंडळी धर्मपुरीला दुसऱ्या दिंड्यांच्या पंगतीत वाटून जेवली. कोणी उपाशी राहिले नाही. पहाटे ज्या चारशे पानांची आम्ही चिंता वाहिली होती, ती अशी परस्पर वाढली गेली.

आम्ही वीस-पंचवीस जण मागे राहिलो. आबांना काही देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. मग आम्ही खोरी घेऊन चाकांच्या चाऱ्या बुजवायला लागलो, कारण ही माती अशीच वाळली तर दगडासारखी होते. थोड्या वेळाने आबा म्हणाले, “राहू द्या आता. वाफसा आला की मी पाळी घालीन. तुम्ही चाला, माउली लांब गेली.”

रात्री नातेपुत्याच्या तळावर कीर्तन आटोपून आलो तर तो पोरगा कंदिलासारखा मोबाइल लावून ट्रॅक्टरखाली बसला होता आणि त्या पेडलाला तेल घालत होता. आम्ही जवळ बसलो. म्हणालो, “बाळा, चूक आमची होती. तू उजाडू द्या म्हणाला होतास.” तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “महाराज, आबा ओरडले ते ऐकू आलं. पण क्लच कधी दाबला, ते मला अजून आठवत नाही.” आणि तेलाची डबी धरायला आमच्या हातात दिली.