उजवा हात धरून उठविणे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ३:१-१०



आपले खामगाव रुप्यासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु ज्या बाजारात चांदीचे दागिने झळकतात, त्याच बाजारात व स्टेशनाच्या वाटेवर हात पसरून बसलेली माणसेही आपण पाहतो. त्यांच्यापुढून जाताना ख्रिस्ती मनुष्याने काय करावे, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

शास्त्रपाठातील पांगळ्या मनुष्यास मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजाजवळ रोज आणून ठेवीत असत. पुष्कळांनी त्याला नाणी दिली असतील, तरी तो होता तेथेच राहिला. पेत्र व योहान यांच्यापाशी तर रुपेही नव्हते आणि सोनेही नव्हते. पण त्यांनी प्रथम त्याच्याकडे निरखून पाहिले. मग पेत्राने येशू ख्रिस्ताच्या नावाने त्याचा उजवा हात धरून त्याला उठविले. आणि शेवटी तो त्यांच्याबरोबर मंदिरात गेला. ज्याची जागा दाराबाहेर होती तो उपासकांच्या मेळ्यात आला.

आता आपण आपल्याकडे पाहू. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे गावकीच्या कामाबद्दल दारोदार हिंडून भाकर मागून आणीत. दूर उभे राहावे, आवाज द्यावा, वरून टाकलेला शिळा तुकडा झेलावा, अशी ती रीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत अशी उष्टी भाकर सोडून देण्याचा उपदेश केला, तो यथार्थच होता. परंतु भाकरीबरोबर भाकर मागणाऱ्याविषयीचा कळवळाही आपण सोडून दिला काय? ज्याचा आजा दाराबाहेर उभा राहिला, त्याच्याच नातवाने आपल्या दारातून दुसऱ्यास तुच्छतेने "पुढे जा" म्हणावे, हे प्रभूला कसे आवडेल? इस्राएल लोकांस देवाने आपल्या मिसरातील दास्याची आठवण ठेवण्यास सांगितले, ते परका, अनाथ व विधवा यांच्याशी त्यांनी न्यायाने व दयेने वागावे म्हणूनच.

पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात उपासमार सोसली व आईवडील गमावले. ते दुःख त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व निराधार मुली आणि विधवा यांस घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी अशांस केवळ अन्न घातले नाही, तर लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती व छापखान्याचे काम शिकविले. उजवा हात धरून उठविणे ते हेच.

कोणी म्हणतील, भिकारी लबाड असतात, पैसा दारूत घालवितात. काही घालवीतही असतील. तर त्यांस पैशाऐवजी भाकर द्या, पाणी द्या; पण बसवून द्या, फेकू नका. "बाबा, तुमचे नाव काय? गाव कोणते?" एवढे तरी विचारा. कोणाच्या अंगावर कुष्ठरोगाची खूण दिसली तर भिऊ नका. हा रोग औषधाने बरा होतो व सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळते; त्यास तेथवर सोबत करा. मूल भीक मागत असेल तर नाणे देऊन मोकळे होऊ नका. त्याच्या घरची व शाळेची चौकशी करा. १९५९ सालच्या कायद्याने आपल्या राज्यात भीक मागणे गुन्हा ठरविले. कायदा मनुष्यास रस्त्यावरून उचलील. त्याचा हात धरणे हे मंडळीचे काम आहे.

उपदेशक बंधूंस आमची विशेष विनंती. भाकरीच्या मोबदल्यात कोणाकडूनही बाप्तिस्म्याची अपेक्षा करू नका. दया ही आमिष नव्हे. आपली मंडळी गरीब आहे हे आम्ही जाणतो, पण पेत्राचीही थैली रिकामीच होती. येत्या रविवारी मंदिराच्या दाराशी कोणी बसलेला आढळला, तर त्यास आत बोलवा व आपल्या शेजारी जागा द्या.

ज्या प्रभूने वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयाची हाक ऐकून आपले पाऊल थांबविले, तो आपलीही पावले थांबवो. आमेन.