जाणत्याचा दोष

सरकारी नोकराने झाडांचा लोभ धरू नये, असे आमच्या कचेरीतील एक वडीलधारे सहकारी म्हणत असत. बदलीचा हुकूम आला की भांडीकुंडी बरोबर येतात. झाडे मागे राहतात. तरीही काशीस दुर्गाघाटाजवळ बिऱ्हाड केल्यावर मी पाच कुंड्या जमविल्याच. गच्चीवर माकडे पान शिल्लक ठेवीत नाहीत, म्हणून त्या खोलीत आल्या. त्यांतली रुंद, ठिपकेदार पानांची डायफेनबॅकिया माझी विशेष आवडती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दीड वर्षाच्या चिरंजीवाने तिचे पान चावले. ओठ सुजले, लाळ थांबेना, रडणे घशातच अडकले. या झाडाला इंग्रजीत 'डम्ब केन', म्हणजे वाचा बंद करणारे झाड, का म्हणतात ते मला त्या रात्री कळले. सुदैवाने दुसऱ्या दिवशी तो सावरला. हे झाड आपल्या आळूच्याच कुळातले. दोहोंत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आळू आपण चिंच घालून नीट शिजवितो, कारण त्याची खाज पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शोभेच्या झाडाची चौकशी मात्र मी कधी केलीच नव्हती.

मग दोष कोणाचा, हा प्रश्न घरात निघाला. पत्नी म्हणाली, झाड फेकून द्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, मूल आवरा. मला दोन्ही निवाडे पटेनात. झाडाला पळता येत नाही. विष ही त्याची ढाल आहे. मूल तोंडाने जग ओळखते. तो त्याचा अभ्यास आहे. दोघेही निरपराध. परंतु खोलीत तिसराही एक होता. मला ठाऊक नव्हते, ही सबब मी स्वतःला देऊन पाहिली. ती टिकली नाही. ज्याला जाणून घेणे शक्य होते, त्याचे अज्ञान निष्पाप नसते.

म्हणून जगातले विष उपटून काढावे काय? या काशीत महादेवाला धोतरा वाहतात. त्याचे बी माणसाचा प्राण घेऊ शकते, तरी धोतऱ्यावर कोणी रागावत नाही. विषालाही जागा असते. ती मुलाच्या हाताच्या उंचीवर नसावी, इतकेच. उलट सगळ्याच कुंड्या हलविल्या, तर मुलाला हिरव्या पानाबरोबर 'नको' हा एकच शब्द मिळेल. भीतीने राखलेले मूल सुरक्षित असेल, शहाणे होईलच असे नाही.

डायफेनबॅकिया आणि तिच्याच कुळातला मनीप्लँट मी एका सहकाऱ्याला दिला. त्याची मुले मोठी आहेत. तरी सारी हकीकत सांगूनच दिला. खाली तुळस ठेवली. चिरंजीव तिला रोज तांब्याने पाणी घालतो, पाने ओरबाडतो, क्वचित चघळतोही. मी जवळ बसून पाहतो. तुळस थोडी विरळ झाली आहे. पण तेवढी किंमत तिच्या वतीने मी कबूल केली आहे.